मुखवटेवाल्यांनी नेलेली पायपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे आणि मी रागावले आहे. म्हातारपणाने चिडचिडी झाले असं समजू नका. आधी ऐकून घ्या.

पायडल मारलं की माझ्या पोटातला भाता फुगतो, हवा पितळी पट्ट्यांवरून जाते आणि मी गाते. पाय थांबले की मी गप्प. साठ वर्षं मी एका प्रार्थनागृहाच्या कोपऱ्यात उभी आहे. त्यातली गेली तीस वर्षं रोज सकाळच्या प्रार्थनेला गाणाऱ्या आमच्या बाईच मला वाजवतात. त्यांचे थोरले भाऊ सुतार. माझा भाता दोनदा फाटला आणि दोन्ही वेळा त्यांनीच नवं कातडं चढवलं. माझा एक सूर आधी सुस्कारा टाकतो आणि मग लागतो. भाऊ तो नीट करायला बसले तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू दे, दादा. तिची सवय आहे ती."

मग ती मंडळी आली. मुखवटे घालून गाणारा एक गट होता. त्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती, चेहरे कुणी पाहिले नव्हते. श्रद्धेवर बारा गाण्यांचा अल्बम करायचा म्हणून त्यांना जुन्या पेटीचा खरा आवाज हवा होता.

"कागद करून घे," दादा म्हणाले.

"देवावर गाणारी माणसं आहेत. तोंड झाकलं म्हणून काय मन काळं असतं?"

"मग झाकतात कशाला?"

बाई हसल्या आणि त्यांनी मला नेऊ दिलं.

ध्वनिमुद्रण नऊ दिवस चाललं. त्यांच्यातल्या एकालाही हात आणि पाय एकत्र चालवणं जमेना. शेवटी बाराही गाण्यांत बाईंनीच वाजवलं. अल्बमवर त्यांचं नाव नव्हतं. "आमच्यात कुणाचंच नाव नसतं," त्यांचा म्होरक्या म्हणाला. बाईंना ते पटलं. मला पटलं नव्हतं, पण मला विचारतो कोण? अल्बम गाजला. कुणीतरी लिहिलं की तो सुस्कारा म्हणजे म्होरक्याच्या पश्चात्तापाचा श्वास आहे. म्होरक्याने ते एका शब्दानेही नाकारलं नाही.

पुढे त्यांचा पहिला जाहीर प्रयोग ठरला आणि त्यासाठी त्यांनी मला पुन्हा मागून नेलं. आदल्या दिवशी नाट्यगृहाच्या मागे मला आडवं पाडलं. भाता कापला, आतल्या पितळी पट्ट्या उपटून खोक्यात भरल्या आणि माझ्या पोटात धूर सोडणारं यंत्र बसवलं. "आवाज रेकॉर्डवरून येणार. पेटी नुसती दिसली की झालं," म्होरक्या म्हणाला. ते खोकं कचऱ्याच्या गाडीत गेलेलं मी पाहिलं. माझा सुस्काराही त्यातच होता.

पडदा उघडला. लांब झगे घातलेली माणसं मेणबत्त्या घेऊन उभी होती आणि मी धूर ओकत रंगमंचाखालून वर आले. एकजण माझ्यावर बोटं नाचवू लागला. सभागृहभर बाईंचं वाजवणं घुमत होतं. लोक डोळे पुसत होते. चौथ्या रांगेत बाई त्याच्या पायांकडे बघत होत्या. पाय हलत नव्हते. बाईंनी शेजारी बसलेल्या दादांचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून मी परत आले. वर एक आभाराचं कार्ड होतं, अर्थातच बिनसहीचं. सकाळी लोक प्रार्थनेला उभे राहिले. बाईंनी पाय टाकला. पायडल खाली गेलं ते वर आलंच नाही. त्या एकट्याच गाऊ लागल्या. दादांनी माझी मागची फळी काढून आत पाहिलं. "भाता करीन गं मी," ते म्हणाले, "पण असल्या पट्ट्या आता कुणी करत नाही."

आठवड्याने म्होरक्याचा फोन आला. पुढच्या प्रयोगाला पेटी पुन्हा मिळेल का, असं विचारत होता. दादांनी हिसकायला हात पुढे केला, पण बाईंनी फोन सोडला नाही.

"मिळेल की," त्या म्हणाल्या. "फक्त मुखवटे काढून न्यायला या."

त्याला आता सात महिने झाले. दादांचा नवा भाता माझ्या पोटात आहे. बाई पाय टाकतात तेव्हा माझ्यातून नुसती हवा वाहते आणि तिच्यावर त्या गातात. मित्रांनो, कुणाची वस्तू मागून नेलीत तर ती परत देताना तोंड दाखवा. आमच्या दारात अजून कुणी आलेलं नाही.