पाहुण्याचं माप

आमच्या घरातलं भांडण उलटं होतं. चारचौघांच्या घरी सून म्हणते खाली शहरात राहू आणि सासू उंबरठा सोडत नाही. आमच्याकडे सासूबाई गाठोडं बांधून बसल्या होत्या आणि सून हट्टाला पेटली होती. ती सून मी, सुनिता.

मी साजगावची. आमच्याकडे दिवस कंपनीच्या भोंग्याने उगवायचा आणि भोंग्यानेच मावळायचा. लग्न होऊन माथेरानला आले आणि पहिले काही दिवस मला चुकल्यासारखं वाटायचं, कारण कुठे आवाजच नव्हता. गाडी नाही, हॉर्न नाही, फार तर घोड्याच्या टापा. मग त्या शांततेची मला इतकी सवय झाली की माहेरी दोन दिवस राहिलं तरी डोकं धरून बसते. नवीन, म्हणजे माझा नवरा, इथल्या एका हॉटेलात कामाला आहे आणि मी घरात खानावळ चालवते. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यावरून सासूबाईंनी आजवर एक शब्द काढलेला नाही, आणि दुसऱ्या कोणी काढला तर त्याची खैर नसायची. म्हणून आमचं भांडण भांडणासारखं होतं, वैर कधी नव्हतं.

सासूबाई, आनंदीबाई, जन्मापासून याच डोंगरावर. माहेर बाजाराच्या वरच्या अंगाला, सासर खालच्या अंगाला. सगळा जन्म त्यांनी लाल मातीत पाय मळवले आणि ती माती कपड्यांतून जात नाही म्हणून कुरकुरत राहिल्या. गेल्या श्रावणात त्या मागच्या दारी शेवाळावर घसरल्या आणि पायाचं हाड मोडलं. बाहेर पाऊस असा की समोरचं झाड दिसत नव्हतं. शेजारचा कोंडाजी घोडेवाला आणि आणखी तिघांनी त्यांना हातरिक्षात घालून, वर ताडपत्री धरून दस्तुरीच्या नाक्यापर्यंत नेलं, तिथून गाडी मिळाली. पाय बरा झाला, पण सासूबाईंचं मन डोंगरावरून उतरलं ते उतरलंच. एकदा डोंगरानं मला खाली टाकलं, आता मी आपल्या पायानं जाते, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागल्या.

जायला जागाही होती. माझी नणंद प्रिया शेलूला स्टेशनजवळच्या एका इमारतीत राहते. तिच्या वरच्याच मजल्यावर तिच्या दिराचा फ्लॅट, तो आखातात नोकरीला असल्यामुळे रिकामा. कोणीतरी घरात राहिलं तर बरंच, असं तो स्वतःच म्हणाला होता. नवीनला कर्जतकडच्या एखाद्या रिसॉर्टवर सहज काम मिळालं असतं. अडायचं कुठेच नव्हतं, माझ्याशिवाय. नवीनला विचारावं तर तो म्हणायचा, तुम्ही दोघी ठरवा, मी बॅगा उचलतो. हा माणूस कुठल्याच भांडणात कधी मत देत नाही आणि वर स्वतःला शांत स्वभावाचा म्हणवतो.

ठरवायचं होतं ते आगोटीच्या आत. पावसाळ्याआधी चार महिन्यांचं सामान घरात भरून ठेवायचं, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. खाली आता ही चाल बरीचशी मोडली. वर मात्र पावसात अर्धा बाजार बंद असतो आणि उरलेल्या दुकानांत जे येतं ते घोड्याच्या पाठीवरून, भिजत, खालच्यापेक्षा चढ्या भावाने. त्यामुळे मे महिन्यात तांदूळ, डाळी, मीठ, सुकी मासळी, सरपण असं सगळं घरात येऊन पडतं. एकदा आगोट भरली की माणूस दिवाळीपर्यंत डोंगराचा झाला. म्हणून तांदूळ मागवायचा की नाही, एवढाच खरा प्रश्न होता.

आमच्या घरी तांदूळ भरायची एक रीत आहे. पिंपात तांदूळ नुसता ओतायचा नाही. सासूबाईंच्या सासूचं पितळी माप आहे, त्याने घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन माणशी ठरलेली मापं टाकायची. शेवटी एक पाहुण्याचं. भर पावसात दारात कोणी उभं राहिलं तर त्याला भात नाही असं व्हायला नको. सासरे गेले त्या वर्षी सासूबाईंचा हात त्यांच्या नावापाशी अडला होता. माप त्यांनी रिकामंच पिंपात फिरवलं आणि बाहेर काढलं. मी तेव्हा नवी होते, पण ते विसरले नाही.

तर मे महिना उजाडला आणि आम्ही कुरडया घालता घालता वाद घालू लागलो. सासूबाई म्हणायच्या, पावसात अंथरूण ओलं, कपडे ओले, मीठसुद्धा ओलं. मी म्हणायची, आणि उन्हाळ्यात शेलूला पंख्याखाली भाजून निघायचं. त्या म्हणायच्या, तिथं जिना उतरला की डॉक्टर. मी म्हणायची, आता ई-रिक्षा झाल्यात, पूर्वीसारखं राहिलं नाही. मग त्या रिक्षांच्या रांगेबद्दल बोलायच्या. मी पहाटे शीळ घालणाऱ्या पाखराबद्दल बोलले तर त्या म्हणाल्या, ते पाखरू मला लहानपणापासून उठवतंय, एक दिवस झोपू दे म्हणावं. एवढ्यात माकडांची टोळी आली आणि वाळत घातलेल्या कुरडयांचं अर्धं कापड घेऊन गेली. सासूबाईंनी काठीसुद्धा उचलली नाही. शेलूला माकडं नायत, एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

शेवटी प्रियाने तोडगा काढला. दोघी आठवडाभर त्या फ्लॅटवर येऊन राहा आणि मग बोला, असं ती फोनवर म्हणाली. नवीनने लगेच बॅगा उचलल्या.

जाताना माझी पक्की खात्री होती की सासूबाई तिसऱ्या दिवशी परत चला म्हणतील. झालं भलतंच. लिफ्ट त्यांना इतकी आवडली की काही काम नसताना त्या खाली जाऊन वर यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी खालच्या वाण्याकडे चार महिन्यांचं मीठ मागितलं आणि वाण्याने विचारलं, आजी, दुकान टाकताय का? बाई हसत हसत वर आल्या. इथं लागेल तेव्हा घ्यायचं असतं, असं मलाच समजावलं, जणू मी कधी दुकान बघितलं नव्हतं. संध्याकाळी इमारतीच्या बाकावर सोनुबाई नावाच्या त्यांच्याच वयाच्या एक बाई बसायच्या. दोघींचं असं जमलं की मला दोनदा चहा खाली नेऊन द्यावा लागला. कुबडीसारखी धरलेली काठी त्या घरात विसरून जायला लागल्या. गेल्या श्रावणानंतर मी त्यांना इतकं मोकळं चालताना पाहिलं नव्हतं.

आणि मी? मला गरम होत होतं. गाड्या जात होत्या, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढत होतं, पाण्याचा पंप चालू होत होता. मी डोळे मिटून पडून राहायची. सकाळी कोणी विचारलं तर मस्त झोप झाली म्हणायची.

भाजी घेऊन आम्ही दोघी स्टेशनकडून परत येत होतो, तेव्हा ते घडलं. मी आपली रस्त्याच्या मधून चालत होते, सासूबाईंना शहरात कसं वागायचं ते सांगत. माथेरानचा माणूस रस्त्याच्या मधूनच चालतो, मागे वळून बघायची त्याला गरजच नसते. मागून टेंपो आला. सासूबाईंनी माझा दंड धरून मला कडेला ओढलं, इतक्या जोरात की भाजीची पिशवी रस्त्यावर पडली. ड्रायव्हर काहीबाही बोलून निघून गेला.

त्यांनी खाली वाकून टोमॅटो गोळा केले आणि तिथून घरापर्यंत माझा हात धरून चालल्या. मीच साजगावची, हमरस्त्यावर वाढलेली, आणि डोंगराबाहेर कधी न राहिलेली ही बाई मला रस्ता ओलांडून देत होती. मला फार लाज वाटली. त्याहून जास्त हे कळलं की यांचं इथे जमलंय, आणि आपल्या हट्टापायी आपण यांना परत त्या शेवाळावर नेणार आहोत.

आठवडा संपवून आम्ही डोंगरावर परतल्यावर मी नवीनला सांगितलं की मी हरले, आपण जाऊ. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघालं की त्याला स्वतःला जायचं नव्हतं. हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं, तर तो बॅगा शोधायला लागला. मी खानावळीची मोठी पातेली घासून पालथी घातली आणि बांधाबांधीला लागले. मन कशात नव्हतं.

दोन दिवसांनी दारात घोडा थांबला. कोंडाजी तांदळाची पोती उतरवत होता. मी म्हटलं, आम्ही काही मागवलं नाही. तो म्हणाला, म्हातारीनं सांगितलंय. माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, मी आनंदाने तशीच उभी राहिले. सासूबाईंनी विचार बदलला, राहतायत, असं मी धरूनच चालले. मीच धावत जाऊन पिंप पुसलं आणि माप काढून दिलं.

सासूबाई पाटावर बसल्या. नवीनचं नाव घेतलं, त्याची मापं टाकली. माझं नाव घेतलं, माझी टाकली. मग पाहुण्याचं एक टाकलं आणि झाकणाला हात घातला.

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"माझं काय? मी शेलूला जाते. दिवाळीला येईन तवा पाहुण्याचं हाय की."

मी म्हटलं की मी यायला तयार झाले आहे, नवीनलाही सांगितलंय, पातेलीसुद्धा बांधलीत. त्यांनी माप मांडीवर ठेवलं.

"तू तिथं एक दिस झोपली नायस गं. मी बघितलं. आणि मी इथं पावसात झोपत नाय, ते तू बघितलंयस. मग कोणी कोणाला ओढायचं? प्रिया हाय तिथं, सोनुबाय हाय. तुमी दोघं इथं ऱ्हावा."

एवढे दिवस मी डोंगर आणि शेलू तोलत बसले होते. पाऊस, माकडं, डॉक्टर, झोप. डोंगर मला मिळाला तर त्यावर सासूबाई नसतील, हे मी एकदाही तोललं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त त्या पाहुण्याच्या मापाचा आला. याच घरात जन्म काढलेली बाई, आणि पाहुणी?

मी त्यांच्या हातातून माप काढून घेतलं. पोत्यात घातलं, त्यांचं नाव घेतलं. सासूचं नाव तोंडाने घ्यायची माझी ती पहिलीच वेळ. आनंदीबाई म्हटलं आणि माप पिंपात ओतलं. माणशी जेवढी ठरलेली, तेवढी सगळी ओतली.

"अगं, खाणार कोण ते?" त्या म्हणाल्या.

"जित्या माणसाचं माप बंद नाय करायचं, आई."

त्यांनी मान फिरवली आणि पदर तोंडाला लावला. कोंडाजी दारात पैशासाठी उभा होता, तो अंगणात जाऊन घोड्याचा पट्टा उगाच आवळत बसला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई गेल्या. घराला प्लॅस्टिक आणि झापं बांधून झाली, धुकं घरात येऊन बसलं, मीठ ओलं झालं. पहाटे पाखरू शीळ घालायचं आणि मी सवयीने म्हणायची, घ्या, उठवलं तुम्हाला. पलीकडून उत्तर यायचं नाही. मला डोंगर मिळाला होता, मला हवा तसा, शांत. कधी कधी तो मला जास्तच शांत वाटला, हे मी नवीनलासुद्धा सांगितलं नाही. त्या पावसात पाहुणा कोणी आलाच नाही. सासूबाईंचा फोन यायचा. पाय ठीक होता, गुडघे ठीक होते, सोनुबाईशी एकदा भांडण झालं आणि मिटलं.

दिवाळीला त्या आल्या, ई-रिक्षातून उतरल्या. हातात मिठाईचा पुडा होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि खुर्चीवर बसल्या. त्या घरात त्यांना मी खुर्चीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांना राहवेना. उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि पिंपाचं झाकण काढून आत हात घातला. हात कोपरापर्यंत तांदळात गेला.

"एवढा कसा उरला गं?"

"तुमचा हाय तो."

त्यांनी मूठभर तांदूळ आतल्या आत चाळला. मग म्हणाल्या की याला टोके लागतील, तुला एवढं कळत नाही का. सूप मागितलं, मी पुढे केलेली खुर्ची बाजूला सारली आणि खाली पाटावर बसून तांदूळ निवडायला घेतला. भाऊबीजेपर्यंत आम्ही त्यातलाच भात खाल्ला. तो जाडा होता, कोलम सांगितला असताना हा कोणी आणला, यावरून कोंडाजीचा उद्धारही झाला.

भाऊबीज झाल्यावर नवीनने बॅग उचलली. सासूबाई उंबरठ्यावर चप्पल घालता घालता थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"पाहुण्याचं तेवढं खाऊन टाका," त्या म्हणाल्या. "माझं ऱ्हाऊ दे."