बोलणं बंद, दुकान चालू

"माणसाच्या डोक्याला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून आकार देणारा धंदा या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो म्हणजे आमचा!" असं मामा हातातली कात्री उंचावून वारंवार जाहीर करत. ते जाहीर करण्याच्या भरात ज्यांच्या कानाच्या पाळ्या थोड्याफार कमी झाल्या, ती गिऱ्हाइकं हल्ली कोपऱ्यावरच्या दुसऱ्या सलूनमध्ये जात.

मामांना मामा म्हणायचा खरा हक्क एकाचाच होता. तो त्यांच्या अक्काचा मुलगा. पण त्याचं ऐकून सगळी गल्ली त्यांना मामा म्हणू लागली. या भाच्याला गल्ली साहेब म्हणे, कारण तो शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावी आणि भेटायला येणाऱ्याकडे वर मान करून बघत नसे. गल्लीच्या समजुतीप्रमाणे साहेबाची लक्षणं यापेक्षा वेगळी नसतात. साहेबाला ऑटिझम होता. शाळा होती तोवर ठीक चाललं. मग शाळा संपली आणि दिवस संपेनासा झाला. खिडकीत बसायचं, जाणाऱ्या बसेस बघायच्या, जेवायचं, पुन्हा खिडकी. अशी बरीच वर्षं गेली.

"त्याला करमत नाही असं नाही रे," अक्का एकदा मामांना म्हणाली. "त्याला कुणी कशात धरतच नाही."

मामांच्या जिवाला हे लागलं. "उद्यापासून दुकानात पाठव. महिन्याभरात बोलका करून दाखवतो!"

"बोलका नको करूस," अक्का म्हणाली. "तू एकटा पुरेसा आहेस घराण्याला."

साहेबाबरोबर एक ताई आली. अशा तरुण मुलामुलींना कामात, गल्लीत, माणसांत रुळायला मदत करणाऱ्या संस्थेतली ती होती. वयाने मामांच्या निम्मी, पण नजर अशी की मामांनी पहिल्याच दिवशी स्टुलावरच्या उशीचा मळका अभ्रा गुपचूप बदलला. तिने साहेबाच्या कामांची चित्रं काढून आरशाच्या कडेला ओळीने चिकटवली. टॉवेलांच्या घड्या, फण्या धुणं, दाढी झाली की गरम टॉवेल, आणि शेवटी झाडू. "मी आधी त्याच्या शेजारी उभी राहीन," ती म्हणाली. "मग बाकड्यावर, मग दारात, मग रस्त्यापलीकडे. हळूहळू नाहीसं होणं हेच माझं काम."

"पगार मात्र दिसत राहिला म्हणजे झालं," मामा म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदाला भरपूर हसले.

तेवढ्यात साहेब हातातली फणी खाली ठेवून बाहेर जाऊन विजेच्या खांबाजवळ उभा राहिला.

हे रोज होऊ लागलं. मामांनी ड्रायर बंद केला, तरी तो खांबाजवळ. रेडिओ बंद केला, तरी खांबाजवळ. पंख्याला तेल घातलं. शेवटी मामांनी कात्री पुढे केली. "ताई, हिची कचकच त्रास देते का त्याला? तसं असेल तर धंदाच मोडीत काढावा लागेल."

"कात्री त्याला आवडते, मामा," ताई म्हणाली. "ड्रायरही एकवेळ चालेल. तुम्हीच."

"मी?"

"तुम्ही एका दमात त्याला चार कामं सांगता, मधेच एक आठवण सांगता, मग वर विचारता, काय साहेब, बरोबर ना? त्यातलं नेमकं उत्तर कशाला द्यायचं, हेच त्याला कळत नाही. कामाचं तेवढं बोला. हळू, एका वेळी एकच."

मामा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. आपल्या बोलण्याचा कुणाला त्रास होतो ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. गिऱ्हाइकांनी ती कळवायचा प्रयत्न केला असावा, पण मधे बोलायला जागा मिळाली नसणार. सकाळी त्यांनी दारावर पाटी लावली: दुपारपर्यंत दुकानात बोलणं बंद. दुकान चालू.

"अहो, एवढं नव्हते म्हणाले मी," ताई म्हणाली. "कामाचं बोला की."

"ते मला जमायचं नाही. एक शब्द सुटला की मागून सगळी वरात येते. मला मी ठाऊक आहे. बंद म्हणजे बंद."

पहिला निषेध मास्तरांनी नोंदवला. मास्तरांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, तरी ते रोज सकाळी येत. पाटी वाचून ते लालबुंद झाले. "म्हणजे आम्ही आता इथे काय केस कापायला यायचं?" एवढं बोलून ते निघून गेले, आणि दुपारी पाटी उलटताच सकाळचं साचलेलं सगळं घेऊन परत आले.

मामांनी मनाची तयारी केली होती की सकाळचं दुकान ओस पडणार. झालं उलटंच. कधी न दिसलेली माणसं दारात उभी राहू लागली. पाटी वाचायची, खात्री करायला पुन्हा वाचायची, आणि देवळात शिरावं तशी आत यायची. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेलेलं एक जुनं गिऱ्हाईक तर अर्धा कान घेऊन परत आलं. आठवड्याभरात सकाळी बाकडं पुरेना. मामांना याचं फार वाईट वाटलं. आपल्या बोलण्यापेक्षा आपल्या न बोलण्याला जास्त गर्दी होते, हा अपमान कात्री चालवत निमूट गिळायचा, आणि तोही एक शब्द न काढता!

साहेब मात्र खांबाकडे जाईनासा झाला. आवाज अडवायला ताईने दिलेली, कानांवर लावायची जाड टोपणं त्याच्या गळ्यात नुसतीच लटकत राहू लागली. टॉवेलची घडी अशी घाले की काठाला काठ लागल्यावर क्षणभर तिच्याकडे बघत राही. घरून तो एकटा चालत येऊ लागला. वाटेत पेपरवाला हात वर करी, साहेबही हात वर करी, आणि दोघांचं बोलणं तिथे पुरं होई. मामा हे दारातून बघत आणि गप्प राहत. आता त्यांना तशी सवय होत होती.

मग ताई म्हणाली, "उद्या सकाळी मी येणार नाही. तुम्ही दोघंच. उद्याची सकाळ त्याने निभावली आणि परवा यायचं म्हणाला, तर ही जागा त्याची. नाही म्हणाला तर जबरदस्ती नाही."

"नाही म्हणाला तर काय?"

"मी दुसरी जागा शोधीन. पण मिळेपर्यंत पुन्हा खिडकी."

दुसऱ्या दिवशी नेमके दातांचे डॉक्टर आले. दिवसभर ते, तोंड उघडं असल्यामुळे उत्तर न देऊ शकणाऱ्या माणसांशी बोलत, म्हणून त्यांना सकाळी शांतता लागे. त्यांच्या मिशीला गल्लीत दवाखान्याच्या बोर्डापेक्षा जास्त लोक ओळखत. त्यांनी खुर्चीत बसून मिशीवरून दोन बोटं आडवी फिरवली आणि डोळे मिटले.

बारीक करायची, की काढायची? विचारायला एक शब्द पुरला असता. मामांनी तो जिभेच्या टोकाशी आणला, साहेबाकडे पाहिलं, मागची वरात आठवली आणि परत गिळला. बोटं आडवी फिरली म्हणजे काढायची, असं ठरवून त्यांनी वस्तरा लावला. निम्मी मिशी गेल्यावर त्यांना शंका आली. पण निम्मी मिशी ठेवणं हे कुठल्याच अर्थाने गिऱ्हाइकाने मागितलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी उरलेलीही काढली.

डॉक्टरांनी डोळे उघडले.

मग जो आवाज झाला, त्याने बाकड्यावरची माणसं उभी राहिली. साहेबाच्या हातून फण्यांचं भांडं पडलं. तो कानांवर हात दाबून तीरासारखा बाहेर गेला आणि खांबाला टेकून उभा राहिला. मामांच्या डोळ्यांपुढे अक्काची खिडकी आली आणि तिच्यातून एकामागून एक जाणाऱ्या बसेस.

ओरडणारं गिऱ्हाईक तसंच सोडून मामा बाहेर धावले. "अरे काही नाही रे, ते काका ना, त्यांची मिशी ना..." हे सगळं घशापर्यंत आलं. आयुष्यात बोलून न सुटलेला असा प्रसंग त्यांना माहीत नव्हता. तरीही ते खांबाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि गप्प बसले. भाचा बघत होता तिकडे तेही बघत राहिले. तिथे बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. समोरचा चांभार टाच ठोकत होता.

बऱ्याच वेळाने साहेबाने कानांवरचे हात काढले.

"टॉवेल," तो म्हणाला.

त्याने गळ्यातली टोपणं कानांवर चढवली, आत गेला, गरम टॉवेल उचलला, मनगटावर लावून पाहिला आणि ओरडत असलेल्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हनुवटीपासून वरपर्यंत व्यवस्थित गुंडाळला. फक्त नाक मोकळं ठेवलं. आवाज थांबला. दाढी झाली की गरम टॉवेल, हे आरशाकडेच्या चित्रात होतंच. डॉक्टरांचं तोंड बंद करायचं हे चित्रात नव्हतं, पण तेही झालं. टॉवेलखाली डॉक्टरांचे खांदे हळूहळू सैल पडले. बाकड्यावरची माणसं एकेक करून खाली बसली.

टॉवेल काढल्यावर साहेबाने आरशातल्या त्या उघड्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "स्वच्छ," तो म्हणाला.

डॉक्टरांनी ओठांवरून बोट फिरवलं. "परत यायला किती दिवस?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मामांनी तीन बोटं दाखवली.

"अहो, आता तरी तोंडाने बोला!"

"तीन आठवडे," मामा पुटपुटले, आणि मागून वरात आली नाही याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"बरं आहे, माझ्या धंद्यात मास्क लावतात," डॉक्टर म्हणाले आणि तोंडावर रुमाल धरून निघून गेले.

दुपारी ताई आली, अक्काही आली. मामांनी घडलेलं सगळं चक्क थोडक्यात सांगितलं. अक्काने काळजीने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. "चित्रांत मिशांचीही चित्रं लावू," ताई म्हणाली. "गिऱ्हाइकांनी बोट दाखवायचं." मग ती झाडू घेऊन निघालेल्या साहेबाकडे वळली.

"उद्या?"

साहेब थांबला. अक्काने पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं.

"उद्या," साहेब म्हणाला, आणि झाडू लागला.

अक्का डोळे पुसायला आरशाकडे वळली. मामांना मात्र आता आवरेना. त्यांनी पाटी उलटली, खुर्चीत बसकण मारली आणि कात्री उंचावली. "अक्का, ताई, आज मला एक गोष्ट कळली. आपण म्हणतो, आपण याला शिकवलं. छे! माणसाला माणसात आणायचं म्हणजे काय, तर त्याच्यासाठी आपण जागा करायची, आणि ती जागा कुठे असते? ती असते आपल्याच..."

"मामा," साहेब म्हणाला, "पाय उचल."