ओट्यावरची सावली

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूबलाइट आहे आणि आज माझं डोकं फिरलं आहे. कुणाला एखादी गोष्ट उशिरा कळली की तुम्ही त्याला माझं नाव देता आणि खो खो हसता. आधी माझी हकीकत ऐका, मग खुशाल हसा.

बिबवेवाडीच्या एका सोसायटीत तुळजाबाईंच्या स्वयंपाकघरात मला बसवलं, तेव्हा त्यांचा आमोद शाळेत जात होता. पिवळा बल्ब जाऊन मी आले. शेजारणी म्हणाल्या, "काय लख्ख उजेड पडलाय हो!" मी फुलून गेले. पण मला बसवलं कुठं? दारावरच्या भिंतीवर, कारण वायर तिथवर आलेली होती. तुळजाबाई ओट्याशी उभ्या राहिल्या की मी त्यांच्या पाठीमागे. माझा सगळा उजेड त्यांच्या पाठीवर पडायचा आणि त्यांची सावली नेमकी चिरायच्या फळीवर.

"सावली पडते रे," त्या कितीदा म्हणाल्या. आमोद मान वर न करता म्हणायचा, "एवढी मोठी ट्यूब आहे की!"

माझ्या नळ्या बदलल्या, स्टार्टर बदलले, जागा तीच राहिली. आमोदचं लग्न झालं. भातात खडा लागला की तो म्हणू लागला, "आई, तुला दिसत नाही आता." डॉक्टरांनी डोळे तपासून चष्मा बरोबर असल्याचं सांगितलं. तरी एकदा तुळजाबाईंचं बोट कापलं आणि आमोदने जाहीर केलं, "उद्यापासून बाई ठेवू. तू बस." ज्या हातांनी त्याला वाढवलं, त्यांना त्याने एका वाक्यात घरी बसवलं! मला इतका संताप आला की मी रात्रभर गुरगुरत राहिले. त्यावर तो म्हणाला, "चोक गेला वाटतं."

मग स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं. त्याची बायको श्रद्धा हिने नीट विचार केला होता: छतातून सगळीकडे सौम्य उजेड, टेबलावर एक लोंबता दिवा आणि ओट्यासाठी कपाटांखाली दिव्यांची पट्टी. आमोद म्हणाला, "कपाटाखालची पट्टी दिसणार कुणाला? त्यापेक्षा टेबलावर तीन दिवे लोंबू देत!" पट्टी रद्द झाली. मला उतरवून ड्राय बाल्कनीत केरसुणीशेजारी उभं केलं. तिथून मला आतलं सगळं दिसत होतं. छतातले दिवेही ओट्याशी उभ्या राहणाऱ्याच्या पाठीमागेच! मी मनातल्या मनात बोटं मोडली.

एका रविवारी बाई आली नाही. आमोद ऐटीत कांदा चिरायला गेला आणि ओरडला. बोटातून रक्त येत होतं.

"डोळे दाखवून घे हो," तुळजाबाई खुर्चीतून म्हणाल्या. "आणि उद्यापासून तू बस."

"अगं, माझीच सावली पडतेय! दिसणार कसं?"

आमोदने फळीकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, आत्ता माझी ट्यूब पेटली," तो खाली मान घालून म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पट्टी लागली. आता तुळजाबाई पुन्हा ओट्याशी उभ्या असतात. हात उजेडात आणि सावली मागे.

मी मात्र धूळ खात पडले आहे. त्याचं एवढं काही नाही. पण मित्रांनो, दिवा लावण्याआधी तिथं राबणाऱ्या माणसाला विचारा, आणि त्याने सांगितलेलं ऐका. बटण दाबल्यावर दोनदा डोळे मिचकावून मी पेटत असे. आमोदला त्याच गोष्टीला अर्धं आयुष्य लागलं. आता तुम्हीच सांगा, ट्यूबलाइट कोण?