डावा वाढलाय

जहाजावर ती पाणी तपासायची. पोहण्याच्या हौदाचं, नळाचं, बर्फाचंसुद्धा. आकडा दशांशापर्यंत लिहायची सवय. अशी मुलगी तासाच्या हिशेबात चुकेल, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

मामाचा निरोप स्पष्ट होता : बारा वाजता, बंदराच्या फाटकाशी, पिवळ्या बाकावर. ती पावणेबारालाच जाऊन बसली. अकरा वर्षांत मामा दिसला नव्हता. तो परदेशी निघाला तेव्हा आई रागाने म्हणाली होती, "जातोस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस." त्याने तो शब्द तंतोतंत पाळला. आता आईने लेकीला एकच काम सांगितलं होतं. "त्याला विचार, राग गेलाय का. हो की नाही, तेवढंच. पाल्हाळ नको."

पाऊण वाजला. थंडीने नाक आहे की गळून पडलं, ते चाचपून बघायची वेळ आली. तिचा फोन जहाजाच्या वायफायवरच चालायचा; किनाऱ्यावर तो म्हणजे नुसती वीट. 'टांग दिली,' ती पुटपुटली आणि पत्ता शोधत मामाच्या दुकानाकडे निघाली.

मामा चष्म्याची भिंगं घासायचा. दुकानाला कुलूप होतं. दारावर तिथल्या भाषेत काहीतरी लिहिलेलं आणि खाली, त्या गावात कुणालाही वाचता न येणाऱ्या मराठीत : 'भाचीला आणायला गेलोय.'

काचेआडच्या घड्याळात बाराला पाच कमी होते. तिच्या मनगटावर एकाला पाच कमी. बंद पडलं असेल म्हणावं, तर सेकंदकाटा पळत होता. शेजारच्या न्हाव्याच्या घड्याळातही तेच! दोन घड्याळं मिळून एकच चूक करणं कठीण. मग तिला सकाळची घोषणा आठवली. गावाची वेळ जहाजाच्या एक तास मागे आहे, जहाज स्वतःच्याच वेळेने निघेल. ती तेव्हा क्लोरीन मोजत होती.

म्हणजे मामा आत्ता बाकावर असणार. धावावं? पण तो दुसऱ्या गल्लीने परत फिरला तर? दोघंही शोधत फिरली, तर गाठ पडायची नाही. एकाने जागचं हलू नये. ती दारातच उभी राहिली. हा विचार मामालाही सुचेल, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

गावाच्या वेळेने एक वाजून पाच मिनिटांनी मामा आला. कानटोपी, लाल नाक, हातात डबी.

"मोजपट्टे! इथे काय करतेस? मी तासभर त्या बाकाला चिकटून बसलोय!"

"तू हलला का नाहीस?"

"एकाने हलू नये म्हणून! बरं, चल आत. साडेदोनपर्यंत चढायचं ना? दीड तास आहे."

"दीड तास नाही, मामा. पंचवीस मिनिटं."

त्याने तिच्या घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या. दोनदा. शेवटी दोघं फाटकाकडे जवळजवळ पळतच निघाले.

"आईने विचारलंय," ती धापा टाकत म्हणाली, "राग गेलाय का? हो की नाही?"

मामाने डबी तिच्या हातात कोंबली. "तिचा चष्मा. नंबर पाठ होता मला."

"अकरा वर्षांपूर्वीचा?"

"हो."

"मामा, एवढ्या वर्षांत नंबर बदलतो."

"मला शिकवतेस?" तो एकदम तापला. "माझा धंदा आहे तो!"

"मग केलास कशाला?"

फाटकाशी मामाने तिचा मफलर इतका आवळला की तिला ठसका लागला. हे प्रेम की राग, तिला कळेना.

जहाजावर चढताच तिने आईला फोन लावला.

"भेटला?"

"भेटला."

"मग? हो की नाही?"

तिने डबी उघडली. भिंगांवर बोटाचा एकही ठसा नव्हता. "माहीत नाही, आई. त्याने तुझा चष्मा बनवलाय. जुन्या नंबरचा. उपयोग शून्य."

फोन कटला की काय, म्हणून तिने कानापासून काढून पाहिला.

"त्याला सांग," आई म्हणाली, "उजवा तोच आहे. डावा वाढलाय."

"कितीने?"

"ते माझं मी सांगीन. त्याचा फोन नंबर दे. आणि आत्ता तिथे किती वाजलेत?"

ती मनगटाकडे बघत राहिली. "थांब हं," म्हणाली, "नीट मोजून सांगते."