हलिनाच्या नावाची स्पर्धा

शोपँच्या रचना जॅझच्या ढंगात वाजवते म्हणून क्राकोच्या संगीत विद्यालयाने माझ्या बायकोला, हलिनाला, काढून टाकलं होतं. ती वारल्यावर त्यांनीच तिच्या नावाने पियानोची स्पर्धा भरवली आणि पदक द्यायला मला बोलावलं.

एका मुलीने मधेच स्वतःच्या मनाचं वाजवलं. हलिना गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसलो. परीक्षक वित्कोव्स्की माझ्याकडे झुकले.

“ही बाद. हलिनाबाईंच्या रेकॉर्डमध्ये असं नाहीये.”

“अहो, ती घरीसुद्धा एकदा वाजवलेलं पुन्हा तसंच वाजवायची नाही!”

“झिग्मुंटसाहेब, बायको तुमची. संगीत आता आमचं.”

पदक टेबलावर ठेवून मी बाहेर आलो. मुलगी जिन्यात रडत होती.

“चुकलं माझं, काका,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी अगदी तंतोतंत वाजवीन.”