अभिमन्यूचा उजवा डोळा

उमापूरहून गेवराईला जाणारी अभिमन्यूची काळीपिवळी जीप कधी रिकामी सुटत नसे. गडी निर्व्यसनी, गळ्यात माळ, गाडी बेतानं चालवणारा. लेकीसुनांना एकटं पाठवायचं तर लोक त्याचीच गाडी बघत. दसऱ्याच्या सुमारास गेवराईजवळ त्याची मोटारसायकल घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. कपाळाला टाके पडले, ते सुकले, आणि सगळ्यांच्या लेखी विषय मिटला.

दिवाळीनंतर त्याच्या उजव्या कानात आवाज सुरू झाला. कपाशीवर फवारताना पाठीवरचा पंप फसफसतो तसा, छातीच्या ठोक्यागणिक. बायकोला, वनमालाला, सांगितलं तर ती म्हणाली, मार लागलाय, जाईल हळूहळू. पुढं उजवा डोळा लाल झाला, आणि खोबणीतून पुढं आल्यासारखा दिसायला लागला. गेवराईत डोळे आल्याचे थेंब मिळाले. थेंब संपले, लाली तशीच. त्यात एकाच्या जागी दोन दिसू लागलं. पायरी उतरताना पाय चुकायचा.

लाल डोळा आणि झोकांडी. गावाला आणखी काय लागतं? आधी बाया मागच्या गाडीनं जायला लागल्या, मग गडीमाणसंही. स्टँडवरचा जुना सोबती गहिनीनाथ एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "घ्यायची तर घरी बसून घे बे. गाडीवर नको." अभिमन्यूनं त्याला कानातल्या आवाजाचं सांगून पाहिलं. गहिनीनाथनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला, प्यालेल्या माणसाची समजूत काढतात तसा.

एके दिवशी समोरून एकाच ट्रकचे दोन ट्रक येताना दिसले. अभिमन्यूनं गाडी कडेला घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती दारातच उभी केली. लोकांना तोही पुरावाच वाटला.

एका दुपारी तो डोळे मिटून पडला होता. वनमाला जवळ येऊन वाकली. ताप बघत असेल असं त्याला वाटलं. तिनं त्याच्या तोंडाशी श्वास ओढून घेतला आणि सरळ झाली. मग कडब्यामागं काहीतरी शोधत बसली. त्यानं डोळे उघडलेच नाहीत. त्यानंतर आवाजाबद्दल तो कुणाशीच बोलला नाही. पुण्याला कामाला असलेला मुलगा सुरज फोनवर फक्त आईशी बोलू लागला.

डोळ्यानं धूसर दिसायला लागलं तेव्हा तो एसटीनं बीडला निघाला. वनमालाही निघाली, सोबतीला की पाळतीला, हे त्यानं विचारलं नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळा बारकाईनं बघितला, डोक्याला कधी मार लागला होता का ते विचारलं. मग पापणी मिटायला लावून त्यावर स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या.

"हा आवाज कधीपासून येतोय तुम्हाला?"

त्यानं आवाजाचं नावही काढलं नव्हतं. त्यानं झटकन डोळे उघडले. "तुमाला बी येतोय?"

"येतोय की. स्पष्ट येतोय."

त्यांनी नळ्या वनमालाच्या कानाला लावल्या. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं: मार लागून डोळ्यामागं मेंदूजवळची मोठी धमनी फाटलीय, तिचं रक्त जोरानं शिरेत घुसतंय, म्हणून डोळा फुगलाय. उशीर केला तर नजर जाईल.

छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात त्याला भूल दिली. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेली, आणि तिच्यातून केसासारख्या तारेची वेटोळी सोडून ती फट बुजवली. डोकं कुठं कापलं नाही. शुद्धीवर आला तेव्हा कानात काही नव्हतं. बाजूच्या खाटेवरचं कण्हणं, चाकाच्या गाडीची करकर, सगळं आपापल्या जागी ऐकू येत होतं. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. सुरज पायाशी उभा होता. बाप बोलेल याची वाट बघून तो बाहेर गेला.

डोळा हळूहळू आत बसला, पांढरा झाला. दोन दिसायचं राहिलं, धूसरपणा थोडा उरला. गावात बातमी पसरली तसे लोक येऊन बसले, चहा प्याले, पावसापाण्याचं बोलले. आपण काय समजलो होतो, ते एकानंही काढलं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर गाडी पुन्हा भरून जायला लागली.

वनमालानं मात्र एकदा काढलं. जेवायला वाढता वाढता म्हणाली, "मी तुमच्यावर वहीम घेतला. पन तुमी तरी कावून बोलला न्हाईत?"

"बोललो होतो," तो म्हणाला.

तिनं हातातली भाकरी त्याच्या ताटात ठेवली. त्याचा राग केव्हाच गेला होता, ते तिला सांगावं असं त्याला वाटलं. पण तो स्वतः आत जिथं जाऊन बसला होता, तिथून शब्द बाहेर येईनात. जेवून तो कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला रानात गेला. काही वेळानं वनमाला आली. बांधावर जराशी थांबली, मग पदर खोचून कामाला लागली. दोघांच्यामध्ये तिनं चार ओळी सोडल्या होत्या. तिकडून काड्या मोडल्याचा आवाज येत राहिला. त्यानं मान वर केली नाही. आपल्या ओळीनं तो पुढं सरकत राहिला.