शेंगा होळगीचे साक्षीदार

पंचमीला मी केशवापूरला माहेरी पोचले, तेव्हा अप्पा स्वयंपाकघरात मोबाइलवरचं काहीतरी ओरडून वाचत होते. उभा जन्म धारवाडच्या कोर्टात वकिली केलेला माणूस. मनातल्या मनात वाचणं त्यांना जमतच नाही.

आई बाहेर खुर्चीत बसली होती. न्हाणीत घसरून तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. पंचमीला लेक येणार आणि घरात शेंगा होळगी नाही, म्हणून ती चार दिवस डोळे पुसत होती. ते बघवेना, तेव्हा अप्पांनी जाहीर केलं, होळगी मी करणार. भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट, गूळ, पुरणपोळीसारखं भरायचं आणि लाटायचं, त्यात काय आहे! आजवर त्यांनी फक्त चहाचं आधण ठेवलेलं.

"आईला का विचारत नाही?" मी म्हटलं.

"विचारलं की! गूळ किती, तर म्हणते अंदाजानं. दूध किती, तर हाताला कळतं. असला पुरावा कुठल्या कोर्टात चालतो?"

म्हणून इंटरनेटवरची कृती. पण सारण मुठीत धरलं की भुसभुशीत मोडायचं. त्यावरचा उपाय कृतीखालच्या अभिप्रायांत सापडेल, असा अप्पांचा भाबडा विश्वास होता.

"ऐक पल्लवी. 'शेंगदाणे नव्हते, डाळवं घातलं. शेंगदाण्याची चव आली नाही. दोन स्टार.' अगं, येणार कुठनं? ही दुसरी. 'फारच सुंदर, उद्या करून बघते. पाच स्टार.' ही घटनास्थळी नव्हतीच! आणि हे गृहस्थ. 'आमच्याकडं गोड कुणी खात नाही. एक स्टार.' अय्यो, मग साक्षीला आला कशाला?"

बाहेर आई हसत होती. अप्पा मला त्या क्षणी फार म्हणजे फार आवडले.

आमच्या घरी एक शिस्त आहे, आजोबांपासूनची. ताटावर बसून अन्नाला बरं-वाईट म्हणायचं नाही. अप्पा जेवून उठताना नुसतं "हं" म्हणतात. त्या "हं"वरून आईनं मीठ-तिखट ओळखायचं.

दुपारी होळग्या झाल्या. बऱ्याचशा फाटल्या, काही करपल्या, एक बऱ्यापैकी गोल उतरली. तिच्यावर तूप सोडून अप्पांनी ताट आईपुढं नेलं आणि स्वतःच्या हातानं तिला घास भरवला. मग कपाळाला लागलेल्या पिठासकट निकालाची वाट बघत उभे राहिले.

आईनं सावकाश चावून गिळलं.

"हं," ती म्हणाली.

"हं म्हणजे काय? बरी झाली? बिघडली? गूळ कमी पडला? काही बोलशील की नाही?"

"ताटावर बसून बोलायचं नसतं की," आई म्हणाली. "मी चाळीस वर्षं असल्या 'हं'वरच स्वयंपाक केला."

अप्पा तिच्या शेजारी बसले, त्याच ताटातला तुकडा मोडून तोंडात टाकला.

"सारण कोरडं आहे," ते हळूच म्हणाले. "गूळ कचकचतो. तुझी होळगी तोंडात विरघळते, वेणू. पंचमीची मी वर्षभर वाट बघतो. तुला कधी म्हटलं नाही."

आईनं डाव्या हातानं डोळे पुसले आणि दटावून विचारलं, "स्टार किती?"